पाय ब्रेकवर पडण्याआधी



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी एसटीत आधी चालक होते, मग चालकांना शिकवणारे झाले. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून या राज्यातली माणसं खाकी कपड्यातल्या एका अनोळखी माणसावर भरवसा ठेवून, खिडकीला डोकं टेकून निर्धास्त झोपत आली आहेत. अशा चालकांचा विनाअपघात सेवेबद्दल सत्कार करण्याची रीत एसटीत आहे. मला तो सत्कार फार मोलाचा वाटतो, कारण तो न घडलेल्या गोष्टींसाठी असतो. पंचवीस वर्षांत या माणसामुळे कोण कोण वाचलं, याची नोंद कुठल्याच आगारात सापडणार नाही. वाचलेल्यांनाही ते माहीत नसतं.

मी वाहतूक अभियांत्रिकी शिकवते. रस्त्याचं वळण किती असावं, चढावर पलीकडचं किती अंतरावरून दिसावं, हा माझा विषय. त्यामुळे मी आज गाडीच्या इंजिनाबद्दल फारसं बोलणार नाही. डोळ्याला दिसण्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो वेळ जातो, त्याबद्दल बोलणार आहे. चांगला चालक म्हणजे चपळ चालक, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ‘काही मधे आलं तर बघता येईल, आपला कंट्रोल आहे’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी बोलतं. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसं मरतात. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. यातल्या कितीतरी गाड्या चपळ, तरुण, निरोगी माणसांच्या हातात होत्या.

चपळाईचा विषय निघाला की क्रिकेट आठवतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पीटर मॅक्लाउड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळपट्टीवरच्या मॅटिंगखाली त्यांनी लाकडी काठ्या बसवल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कुणालाच आधी कळू नये. समोर अव्वल दर्जाचे व्यावसायिक फलंदाज उभे केले. चेंडूनं अचानक दिशा बदलल्यावर बॅट वळवायला त्यांना सुमारे एक पंचमांश सेकंद लागला. सामान्य माणसालाही साधारण तेवढाच लागतो. मग हीच माणसं सामन्यात वेगवान गोलंदाजी कशी खेळतात? पुढे २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चेंडू हातातून सुटल्यावर थोड्याच वेळात फलंदाजाची नजर चेंडूला सोडून टप्पा जिथे पडणार त्या जागी जाऊन थांबते, आणि जो फलंदाज अधिक चांगला त्याची नजर तिथे अधिक लवकर पोहोचते, असं त्यांना आढळलं. त्याचे स्नायू आपल्यापेक्षा फार जलद नसतात, त्याचा अंदाज आपल्याआधी बांधून झालेला असतो.

रस्त्यावरही टप्पा कुठे पडणार हे बहुतेक वेळा आधी दिसतं. कडेला उभ्या रिक्षाचं पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं असतं. थांबलेल्या एसटीच्या खालून पलीकडे चालणारे दोन लहान पाय दिसतात. पुढच्या दुचाकीवाल्याची मान उजवीकडे वळते, मग अर्ध्या सेकंदानं त्याची गाडी वळते. इंडिकेटर लावला तर लावला. रस्त्याच्या एका बाजूला शेळ्या चरत असतात आणि त्यांची राखणदार पोरगी दुसऱ्या बाजूला झाडाखाली बसलेली असते. ज्याला हे दिसलं त्याला पुढचं कळलं.

आता त्या वेळाचा हिशेब मांडते. प्रयोगशाळेत दिवा लागताच बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. हा आकडा ऐकून पुष्कळांना धीर येतो, पण रस्त्यावर त्याचा उपयोग नाही. रस्त्यावर आधी काहीतरी हललेलं दिसावं लागतं, मग ते काय आहे ते ओळखावं लागतं, त्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि मग पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेऊन दाबावा लागतो. ब्रेक लावावा लागणार हे आधीपासून माहीत असेल तर एवढं सगळं पाऊण सेकंदाच्या आसपास उरकतं. अनपेक्षित काही समोर आलं तर दीड सेकंद सहज जातो. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार आम्ही रस्त्याची आखणी करतो तेव्हा चालकासाठी अडीच सेकंद धरतो, कारण रस्ता थकलेल्या, वयस्कर, गोंधळलेल्या माणसालाही वापरायचा असतो. त्या हिशेबानं ताशी ८० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर पुढचं निदान १२० मीटर दिसायला हवं, १०० च्या वेगाला १८० मीटर.

ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. दीड सेकंद म्हणजे २५ मीटर. एवढं अंतर गाडी पूर्ण वेगात गेलेली असते आणि ब्रेकनं अजून काहीच केलेलं नसतं. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५.

आता वर्गात देते तेच एक उदाहरण देते. दोन गाड्या शेजारून चालल्या आहेत, एक ६० नं, दुसरी ८० नं. दोघींच्याही चालकांना ४५ मीटरवर एकाच क्षणी एक आडवी पडलेली दुचाकी दिसते. दोघांची चपळाई सारखी, ब्रेक सारखे, टायर सारखे. पहिली गाडी दुचाकीपाशी येऊन थांबते. दुसरी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? मुलं म्हणतात वीस, कारण फरक विसाचा आहे. उत्तर आहे सुमारे ६५. दीड सेकंदात तिचे ३३ मीटर आधीच खर्च झालेले असतात, ब्रेकला जेमतेम बारा मीटर उरतात, आणि वेग दीडपटही न वाढता ऊर्जा मात्र पावणेदोन पटीच्या पुढे गेलेली असते. मुलांना हे गणित मी फळ्यावर स्वतः करायला लावते. उत्तर आलं की वर्ग गप्प होतो, आणि मला तो गप्प झालेला हवा असतो.

माणसाच्या या विलंबाचा शोध रस्त्यावर लागलेला नाही. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलीन यांनी आपल्या सहायकाला काढून टाकलं, कारण तारा दुर्बिणीतल्या तारेवरून सरकल्याची त्याची वेळ त्यांच्या वेळेपेक्षा उशिराची येत होती. पुढे बेसेल या खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं की असा फरक माणसामाणसांत असतोच. १८६८ मध्ये डोंडर्स या डच शास्त्रज्ञानं सिद्ध केलं की अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल तर प्रतिसादाला जास्त वेळ लागतो, आणि १९५२ साली विल्यम हिक यांनी त्या वाढीचा नियम मांडला. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ज्याला एक सेकंद लागतो, त्यालाच बाजाराच्या दिवशी चौकात, जिथे डावीकडून हातगाडी, उजवीकडून दुचाकी आणि समोरून वडापची जीप येते, जास्त वेळ लागणार. तो मंद झालेला नसतो. त्याला ठरवायचं जास्त असतं, आणि नेमकं तिथेच आपण हॉर्नवर हात ठेवून वेग कायम राखतो.

मग कुणी विचारतं, की कसून प्रशिक्षण देऊन हा विलंब कमी करावा, गाडी सावरायला शिकवावी. हे करून झालेलं आहे. नॉर्वेमध्ये नवशिक्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण दिलं गेलं. १९८८ साली त्याचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढलेले दिसले. सावरता येतं म्हटल्यावर ते जास्त वेगानं जाऊ लागले. अमेरिकेत १९७४ साली विल्यम्स आणि ओनील या संशोधकांनी परवानाधारक शर्यतपटूंची साध्या रस्त्यावरची कारकीर्द तपासली. त्याच वयाच्या साध्या चालकांपेक्षा त्यांचे अपघात आणि नियमभंग जास्त निघाले. ज्यांच्याहून कुशल हात मिळणं कठीण, त्यांची ही गत. आणि ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या पाहणीत अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांनी आणि स्वीडिश विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी आपलं कसब निम्म्याहून अधिक लोकांपेक्षा सरस आहे असं सांगितलं. आपल्याकडे हीच पाहणी केली तर काय येईल, ते इथल्या प्रत्येकानं आपल्या घरातल्या माणसांवरून ठरवावं.

विशीतल्या मुलाचा प्रतिसाद पंचावन्न वर्षांच्या एसटी चालकापेक्षा जलद असतो, यात वाद नाही. तरी मी माझ्या घरच्यांना त्या पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या गाडीत निश्चिंत बसवीन. अनुभवी चालक लांबवर आणि आजूबाजूला बघतो, नवशिका बॉनेटच्या पुढच्या पट्ट्यात बघतो, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासांत १९७० च्या दशकापासून दिसत आलं आहे.

गुरुजींची शिकवण्याची पद्धत इथल्या जुन्या चालकांना ठाऊक आहे. ते उमेदवाराला गाडी चालवता चालवता बोलायला लावत. काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं: पुढे डावीकडे टपरी, टपरीपुढे दोन सायकली, सायकलीवाला दिसत नाही, समोरच्या टेम्पोचा मागचा दिवा बंद, पुलानंतर शाळा. बोलणं थांबलं की ते म्हणत, ‘बघणं थांबलं बघ तुझं.’ लंडनजवळच्या हेंडन इथे १९३५ साली पोलीस चालकांची शाळा सुरू झाली; ब्रिटिश पोलिसांच्या प्रशिक्षणातही हीच बोलत चालवायची पद्धत आहे. गुरुजींनी ती कुठून घेतली होती की स्वतः शोधली होती, ते विचारायचं राहून गेलं. अमेरिकेत हॅरल्ड स्मिथ यांनी १९५२ साली व्यावसायिक चालकांसाठी जी शिकवण सुरू केली तिचाही गाभा हाच आहे: लांब बघा, सगळा देखावा बघा, नजर फिरती ठेवा, निसटायला जागा ठेवा आणि तुम्ही दुसऱ्याला दिसता आहात याची खात्री करा. ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’ म्हणतात ते एवढंच. त्यात भित्रेपणा नाही आणि सगळ्या रस्त्यानं चाळीसनं जाणंही नाही.

यातली निसटायला जागा ठेवण्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. पाठीमागून धडक हा देशातल्या अपघातांचा मोठा प्रकार आहे, आणि तो जवळजवळ पूर्णपणे अंतराचा प्रश्न आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात मोजायचं: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तीन म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात पाचापर्यंत मोजा. मीटर मोजायला नकोत, वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो रास्त आहे: ‘अंतर ठेवलं की मधे कुणीतरी घुसतो.’ घुसतो, खरं आहे. त्याचा खर्च किती ते बघू. एक गाडी मधे आली की पुन्हा अंतर करायला तुम्ही तीनेक सेकंद मागे पडता. पुण्यापासून साताऱ्यापर्यंत तीस जण घुसले तरी दीड मिनिट जातं. दीड मिनिट! टोलनाक्यावर एखाद्याचा फास्टॅग वाचला गेला नाही तर त्याहून जास्त वेळ जातो. मला वाटतं, आपल्याला वेळ गेल्याचं दुःख नसतं, कुणी पुढे गेल्याचं असतं. पाठीला कुणी चिकटलं असेल तर पुढचं अंतर आणखी वाढवावं, म्हणजे ब्रेक हळूहळू लावता येतो आणि मागच्याच्या विलंबाचीही सोय आपण करून ठेवतो.

घाटाचे नियम इथे कुणाला शिकवायची गरज नाही. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरायचं, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. बोरघाटातल्या बंद पडलेल्या कंटेनरच्या कहाण्या आपण रोज वाचतो.

रात्रीबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण आपल्या भागात रात्र म्हणजे गळीत हंगाम. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो. उसाचं वाढं बाहेर लोंबतं आणि मागचा दिवा असला तरी त्याखाली झाकतो. ट्रॉली धुळीच्या रंगाची, वेग ताशी पंधरा-वीस. डिपरच्या उजेडात अशी वस्तू साधारण ४० ते ६० मीटरवर दिसते. तुम्ही ८० नं येत आहात. अंधारात ओळख पटायला वेळ लागतो. दोन सेकंद धरा. त्यात ४४ मीटर गेले. थांबायला आणखी ३६ हवेत. कसलेला चालक असो, नवी गाडी असो, ही बेरीज बदलत नाही. ५० मीटरमध्ये थांबायचं असेल तर वेग ताशी ५५ च्या आसपासच हवा. दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हा नियम रात्रीच्या प्रवासात एवढा साधा आणि एवढा कठोर आहे. समोरून अप्पर मारत कुणी आलं तर क्षणभर काहीच दिसत नाही. तेव्हा वेग उतरवून नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवावी, समोरच्याला धडा शिकवायला आपणही अप्पर मारू नये.

पण इथे सगळा भार पुढून येणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं होईल. ट्रॉलीला मागून लाल परावर्तक पट्टी लावली तर ती कितीतरी लांबून चमकते. तिची किंमत उसाच्या एका मोळीपेक्षा फार नाही. ती लावलेली आहे याची खात्री केल्याखेरीज कारखान्यानं वजनकाट्यावर गाडी घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. काही ठिकाणी कारखाने आणि पोलीस मिळून हे काम करतात. ते सगळीकडे, पहिल्या खेपेपासून झालं पाहिजे.

फोन आणि झोप यांच्यावर थोडक्यात बोलते, कारण त्यात शंकेला जागाच नाही. कॅनडातल्या माहितीवर आधारलेल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणारं यंत्र वापरल्यानं तो कमी झालेला दिसला नाही. हात व्यग्र असतात म्हणून उशीर होत नाही, लक्ष गेलेलं असतं म्हणून होतो. झोपेचं असं की सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पहाटे तीनला तीन सेकंदांची डुलकी लागली तर ८० च्या वेगानं ६७ मीटर रस्ता कुणीच गाडी चालवत नसतं. ‘समृद्धी’सारखा सरळ, मोकळा रस्ता ही डुलकी लवकर आणतो.

आता माझ्या पेशाबद्दल. माणसाला दीड-दोन सेकंद लागणारच, तो कधीतरी चुकणारच, हे गृहीत धरून रस्ता बांधणं हे आमचं काम आहे. १९९७ साली स्वीडनच्या संसदेनं हेच धोरण म्हणून स्वीकारलं. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं; त्यामुळे रस्त्याच्या रचनेत आणि देखभालीत मानकं न पाळणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला दंड होऊ शकतो. रंग न मारलेला गतिरोधक, दुभाजकात धाब्यासाठी पाडलेली वाट, वळणावर झुडपांनी झाकलेली पाटी, या सगळ्या चालकाच्या त्या अडीच सेकंदांवर आमच्या लोकांनी केलेल्या चोऱ्या आहेत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे आज बांधकाम विभागात आहेत त्यांना मी हे इथूनही सांगते आहे.

शेवटी परवान्याच्या परीक्षेचा मुद्दा. आपण उमेदवाराकडून पाट्या ओळखून घेतो आणि मैदानात आठाचा आकडा काढून घेतो. त्यातून त्याला स्टिअरिंग फिरवता येतं एवढं कळतं. त्याला काय दिसतं, ते कळत नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्याआधी धोका ओळखण्याची परीक्षा असते: पडद्यावर रस्त्याची फिल्म चालते आणि धोका आकाराला येताना दिसताच बटण दाबायचं, जितकं लवकर, तितके गुण. अशी परीक्षा आपल्याकडे मराठीत, आपल्या रस्त्यांच्या फिल्मवर घेता येईल. परदेशी फिल्म आणून चालणार नाही. तिच्यात धनगरांची मेंढरं नाहीत, आषाढातली दिंडी नाही, उलट्या दिशेनं येणारी दुचाकी नाही, उसाची ट्रॉली नाही.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गाडीच्या काचेला लावलेल्या कॅमेऱ्यातून महिनाभरात हवं तेवढं चित्रण मिळेल. गुण कसे द्यायचे हे ठरवायला मात्र तज्ज्ञ लागतील, आणि ते या सभागृहात बसलेले आहेत. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेल्या चालकांना ती फिल्म दाखवायची आणि कुठल्या क्षणी ते पाय ॲक्सिलरेटरवरून उचलतील, तो क्षण नोंदवून घ्यायचा. दहा जणांनी दिलेल्या क्षणांच्या आधारानं प्रत्येक फिल्मची गुणपट्टी तयार होईल. माझा विभाग चित्रणाचं आणि मोजणीचं काम करायला तयार आहे. आगारप्रमुखांना माझी विनंती आहे की निवृत्त झालेल्या चालकांनाही यात बोलवावं, त्यांना मानधन द्यावं, आणि हा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे रस्त्यावर ट्रॉल्या येण्याआधी, पहिल्या बैठकीची तारीख मला कळवावी.